किशोरांच्या लाळेतून काय कळतं, काय कळत नाही

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. वजन, उंची, डोळे, त्वचा, हृदयाचे ठोके असं सगळं बघून झालं की मुलाला ‘आ कर’ म्हणतात आणि तोंडात टॉर्चचा उजेड पडतो. दाढेत काळं भोक दिसलं तर कार्डावर नोंद होते, पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधल्या ज्या तीस व्याधी त्यात शोधायच्या असतात, त्यांत दंतविकारही आहेत. पण टॉर्चला दिसणारं भोक ही किडीची सुरुवात नसते. त्याआधी कित्येक महिने, कधी दोनतीन वर्षं, दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपत गेलेलं असतं. भोक पडेपर्यंत थांबायचंच कशाला, तोंडातली लाळच आधी काही सांगू शकेल का, या प्रश्नामागे दंतशास्त्र जवळपास शंभर वर्षं लागलेलं आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास आणि दर पाच माणसांतली चार खेड्यात राहणारी. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशभरातून ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले, त्यांत महाराष्ट्रातल्या नंदुरबार, उस्मानाबाद आणि गडचिरोलीबरोबर वाशीमचंही नाव होतं. इथे दंतवैद्याची खुर्ची बहुतेक गावांपासून लांब, म्हणून दात दुखायला लागेपर्यंत त्याच्याकडे जायचं नाही हा रिवाज. एखाद्या साध्या चाचणीने धोक्यातली मुलं आधीच ओळखता आली, तर तिचा खरा उपयोग अशाच ठिकाणी आहे.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. कानाजवळ, जबड्याखाली आणि जिभेखाली ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. ओठ, गाल आणि टाळूत शेकडो बारीक ग्रंथी. त्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. त्यात ९९ टक्के पाणी असलं तरी खरी कामगिरी उरलेल्या एका टक्क्याची. बायकार्बोनेट आम्ल मारतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट झिजलेल्या दाताला परत मिळतं. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडं जंतूंना आवरतात. रक्तातून झिरपणारी संप्रेरकं, औषधं आणि तंबाखूची अवशेषद्रव्यंही याच लाळेत उतरतात. ज्या घटकाच्या मापावरून शरीरात काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो, त्याला जैवसूचक म्हणतात. सुई न टोचता, रडारड न होता नमुना मिळतो, म्हणून मुलांच्या बाबतीत लाळेचं आकर्षण अधिक.

दातकिडीचं गणित अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात मांडलं. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की दातावरच्या थरातली आम्लता काही मिनिटांत वाढते, सामू ५.५च्या खाली जातो आणि दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल धुऊन सामू पूर्वपदावर आणते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे मूल दिवसातून तीनदा गोड खातं की दहादा, यावर सारं अवलंबून. सकाळचा चहा-बिस्कीट, शाळेच्या गेटावरचं पाच रुपयांचं पाकीट, मधल्या सुट्टीतली गोळी, संध्याकाळचा पुन्हा चहा. दर खेपेला तोंडात नवा आम्लाचा काळ सुरू होतो आणि आधीचा निवायच्या आत पुढचा येतो. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४५ ते १९५३ दरम्यान मतिमंद रुग्णांवर जे प्रयोग झाले, त्यांतूनही हेच निघालं: जेवणाच्या अधेमधे खाल्लेला चिकट गोड पदार्थ सर्वांत घातक. बोलू न शकणाऱ्या माणसांना मुद्दाम टॉफ्या चारून मिळवलेलं हे ज्ञान आहे. ते वापरताना ही गोष्ट विसरता कामा नये.

लाळेच्या चाचण्याही त्याच काळातल्या. १९४० साली स्नायडर यांनी साधी युक्ती काढली. रंगद्रव्य घातलेल्या माध्यमात लाळ मिसळून ती उबेत ठेवायची. जंतूंनी आम्ल केलं की हिरवा रंग पिवळा होतो. किती लवकर झाला, त्यावरून धोका ठरवायचा. पुढे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जंतूची मोजणी आली. हा जंतू क्लार्क यांनी १९२४ मध्येच किडक्या दातातून वेगळा काढला होता. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये त्याच्या वसाहती एक लाखाहून जास्त असतील तर धोका मोठा, असा ढोबळ दंडक रूढ झाला. स्वीडनमधल्या माल्मोच्या संशोधकांनी ‘कॅरिओग्राम’ ही संगणकीय पद्धत तयार केली. तिच्यात लाळेचा प्रवाह, आम्ल पेलण्याची ताकद, जंतूंची संख्या, आहार, फ्लोराइड, आधीची कीड असं सगळं घालून पुढे दात किडण्याची शक्यता काढली जाते.

मग मोठी झेप आली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून लाळेतली १,१६६ प्रथिनं मोजून दाखवली. इतक्या खजिन्यात दातकिडीची एखादी किल्ली सापडेलच, अशी आशा बळावली. ती मात्र अजून पुरी झालेली नाही. ‘आयजीए’चंच बघा. काही अभ्यासांत कीड असलेल्या मुलांच्या लाळेत ती कमी आढळली, काहींत जास्त, काहींत फरकच नाही. ती कमी म्हणून कीड झाली, की कीड झाली म्हणून शरीराने जास्त बनवली, हेही एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून सुटत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांचा निष्कर्ष साधारण एकच आहे: एकट्यादुकट्या प्रथिनावरून मुलाचे दात पुढे किडतील की नाही हे आज सांगता येत नाही. उलट मुलाला आधी कीड झाली आहे का, हीच खूण सगळ्या महागड्या चाचण्यांहून भरवशाची ठरत आली आहे. ती खूण उशिरा मिळते हे खरं. पण एका मुलाच्या दाढेत कीड सापडली की त्याच्या बाकीच्या वीसपंचवीस निरोगी दातांकडे लक्ष द्यायला ती पुरेशी आहे.

तरीही किशोरवयात लाळ तपासण्याला विशेष अर्थ आहे. साधारण बाराव्या वर्षी दुसरी कायमची दाढ येते. नवं आलेलं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, दाढेच्या खाचा खोल असतात, ब्रश मागपर्यंत पोचत नाही. याच वयात हातात पैसे येतात आणि मूल घरच्यांच्या नजरेआड खायला लागतं. २००२-०३ मध्ये भारतीय दंत परिषदेने केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांना दातकीड होती, पंधराव्या वर्षी हे प्रमाण ६३.१ टक्क्यांवर गेलं. हिरड्यांचे विकार बाराव्या वर्षी ५७ टक्के आणि पंधराव्या वर्षी ६७.७ टक्के. तीन वर्षांत दोन्ही आकडे जवळपास दहा दहा टक्क्यांनी चढतात. धोका याच तीन वर्षांत वाढतो आणि याच वयात ही मुलं बहुधा शाळेत असतात.

हिरड्यांच्या बाबतीत लाळेची बाजू जरा भक्कम आहे. पौगंडावस्थेत संप्रेरकं बदलतात. थोड्याशा थरानेही हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येतं आणि रक्त आलं म्हणून मूल ब्रशच सोडून देतं. इथे ‘एमएमपी-८’ नावाचं विकर उपयोगी पडतं. हिरडीखालची उती झिजायला लागली की लाळेत त्याची सक्रिय मात्रा वाढते. फिनलंडमधल्या कोत्का शहरात पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांवर चूळ भरून करायची अशी चाचणी करून पाहिली गेली. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीसारखी पट्टी, काही मिनिटांत निकाल. मोरोक्कोतल्या किशोरांवरचा २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास तर चकित करणारा आहे. दातांवरच्या थरात एका विशिष्ट जंतूचा ‘जेपी-२’ हा प्रकार असलेल्या मुलांना हिरड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका इतरांच्या अठरा पट निघाला. हा प्रकार मुख्यतः उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतल्या वंशांत आढळतो, म्हणून विदर्भातल्या शाळेत तोच शोधत बसणं व्यर्थ. धडा वेगळा आहे. एका प्रदेशात सिद्ध झालेला सूचक दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही, तो आपल्या मुलांवर आपणच पारखून घ्यावा लागतो.

वाशीमच्या संदर्भात सगळ्यांत गंभीर विषय आहे तो तंबाखू आणि सुपारीचा. विदर्भात खर्रा सर्वत्र: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून घासायचे आणि गालात धरायचे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांच्या २०१९च्या सर्वेक्षणात देशभरातली ८.५ टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती. राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि ती दरवर्षी वाढवली जाते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कायदे आहेत. टपऱ्याही आहेत.

या बाबतीत लाळ खरोखर साक्ष देते. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन तयार होतं. लाळेतली त्याची निम्मी मात्रा ओसरायला साधारण सोळा ते वीस तास लागतात, म्हणून दोनतीन दिवसांपूर्वीचा वापरही पकडता येतो. मुलाने ‘मी खात नाही’ म्हटलं तरी लाळ खोटं बोलत नाही. म्हणूनच सर्वेक्षणांत प्रश्नावलीची उत्तरं पडताळायला कोटिनिन वापरलं जातं. पण त्यात एक मोठं छिद्र आहे. तंबाखू नसलेली गोड, सुगंधित सुपारी खाणाऱ्या मुलाची कोटिनिन चाचणी स्वच्छ येईल. त्याच्या तोंडाचं नुकसान मात्र थांबणार नाही. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या त्वचेत तंतू वाढवतं, ती त्वचा पांढुरकी आणि कडक होते, तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी त्याचं वर्णन केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळात एर्नाकुलमला अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक ठरवली. सुपारी खाणाऱ्यांच्या लाळेत अरेकोलिन मोजता येतं, तंतुविकार झालेल्यांच्या लाळेत लॅक्टेट डिहायड्रोजिनेज वाढलेलं दिसतं, असे छोटे छोटे अभ्यास भारतातल्या दंत महाविद्यालयांनी बरेच केले आहेत. पण गावातल्या शाळेसाठी याहून सोपी परीक्षा आहे. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, ते बघायला सांगायचं. मावत नसतील तर लाळेची वाट न पाहता मुलाला दंतवैद्याकडे न्यावं.

कोटिनिनची चाचणी शाळेत आणायची तर तिचा हेतू आधी ठरवावा लागेल. निकाल मुख्याध्यापकाच्या टेबलावर गेला, वर्गात नाव फुटलं, वडिलांचा मार बसला, तर पुढच्या वर्षी त्या शाळेत एकही मूल नमुना देणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठराच्या आतल्या मुलावर संशोधन करताना पालकांची संमती तर लागतेच, शिवाय बारा वर्षांपुढच्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो. शिक्षा नाही, सुटका, हे सूत्र पाळलं तरच लाळेचा पुरावा मुलाच्या कामी येईल. किशोरांसाठी जे सल्ला केंद्र ‘मैत्री क्लिनिक’ नावाने चालतं, त्याची जागा इथे आहे.

मनावरच्या ताणाचं मापही लाळेत सापडतं. कोर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक रक्ताइतकंच नेमकं लाळेत मोजता येतं. कॅलिफोर्नियात थॉमस बॉइस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली बालवाडीतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात गरिबी, घरातला ताण, कोर्टिसोल आणि दातकीड यांचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसले. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. सोयाबीनचा भाव पडला की घराचं गणित बिघडतं आणि ते मुलाला कळतं. हा ताण दातांपर्यंत पोचतो का, हे इथे अभ्यासण्याजोगं आहे. मात्र कोर्टिसोल सकाळी जागं होताच चढतं आणि दुपारपर्यंत उतरतं. प्रार्थनेच्या वेळी घेतलेला नमुना आणि मधल्या सुट्टीनंतरचा नमुना यांची तुलना केली तर निष्कर्ष साफ चुकेल.

अशीच अडचण उन्हाची. शरीरातलं पाणी कमी झालं की लाळही कमी होते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे कॉलिन डॉज यांनी लाळेच्या दिवसाच्या आणि ऋतूंच्या लयीवर काम केलं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हाचा नमुना आणि डिसेंबरचा नमुना एका तराजूत घालता येणार नाही. काही खाल्ल्यापिल्ल्यानंतर किमान तासभर थांबून, शक्यतो सकाळी, ठरलेल्या वेळीच लाळ घ्यावी लागते. प्रथिनं उष्णतेत लवकर बिघडतात, म्हणून ती बर्फात जायला हवीत. कोटिनिन मात्र बराच काळ टिकतं. गावातून प्रयोगशाळेपर्यंत बर्फाची साखळी सांभाळणं कठीण असेल, तर कोणता सूचक निवडायचा हे रसायनशास्त्रापेक्षा बसच्या वेळापत्रकावरून ठरेल. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने करोनाकाळात, २०२१ मध्ये, सलाइनच्या पाण्याने गुळण्या करून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी उभी केली आणि तिला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मान्यताही मिळाली. नाकात काडी घालायची गरज नाही, प्रशिक्षित माणूस लागत नाही. विदर्भातल्याच एका संस्थेने दाखवून दिलं की तोंडातून मिळालेला नमुना साध्या बाटलीत घेऊनही विश्वासार्ह चाचणी होते.

पाण्याचीही थोडी चौकशी करावी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेले दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याच फ्लोराइडची योग्य मात्रा टूथपेस्टमधून मिळाली तर कीड थांबते. म्हणून गावाचं पाणी न तपासता फ्लोराइडचा सरसकट उपाय करू नये, आणि डागांना भिऊन तो सरसकट टाळूही नये.

तर मग लाळेच्या या सगळ्या विज्ञानातून वाशीमच्या शाळेत आज काय आणता येईल? लाळेचा प्रवाह घड्याळ आणि मापाच्या नळीने मोजता येतो. आम्ल पेलण्याची ताकद रंग बदलणाऱ्या पट्टीने कळते. या दोन्हींना प्रयोगशाळा लागत नाही आणि मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी रंग बदललेला दिसतो, हा शिकवण्याचा भाग वेगळाच. कोटिनिन काही निवडक शाळांत, नाव गुप्त ठेवून, तंबाखूविरोधी मोहिमेचा परिणाम झाला का ते पाहण्यासाठी वापरता येईल. हिरड्यांच्या पट्ट्या अजून महाग आहेत. त्या सध्या दंत महाविद्यालयांच्या अभ्यासापुरत्या ठेवलेल्या बऱ्या. प्रथिनांच्या याद्या आणि जनुकांचे नकाशे संशोधकांकडे राहू द्यावेत.

खरा तुटवडा चाचणीनंतरच्या पायरीचा आहे. धोक्यातलं मूल ओळखलं, पण त्याच्या दाढेच्या खाचा बुजवायला, फ्लोराइडचा लेप लावायला कोणी नाही, तर चाचणीने फक्त एक कागद वाढतो. फ्लोराइडची टूथपेस्ट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट ही तिन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब किडलेल्या जागी लावला की कीड बहुधा तिथेच थांबते. ड्रिल नको, वीज नको. डाग काळा पडतो एवढंच. राज्याने ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू करून २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरला त्याचा चेहरा केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. या महाविद्यालयाने जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या दंतविभागाला आणि शाळा तपासणीच्या पथकांना जोडून घेतलं, एक तालुका निवडून सहावी ते दहावीच्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला, लाळ आणि दात दोन्ही तपासले आणि सापडलेल्या प्रत्येक मुलावर तिथल्या तिथे उपचार केले, तर वाशीमकडे इतर जिल्ह्यांनाही वापरता येईल अशी माहिती जमा होईल.

तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं करावं. मूल सहा वर्षांचं झालं की पहिली आणि बारा वर्षांचं झालं की दुसरी कायमची दाढ दंतवैद्याला दाखवावी. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायला लावावेत. लाल दंतमंजन आणि मिसरी घरातून काढून टाकावी. महिन्यातून एकदा मुलाला तीन बोटं तोंडात घालून बघायला सांगावं, आणि ती मावली नाहीत तर त्याच आठवड्यात त्याला घेऊन रुग्णालय गाठावं.